पहिला बल्ब

पुण्याच्या एका संशोधन संस्थेचं यंत्र परभणीला आमच्या दवाखान्यात आलं, तेव्हा ते ठेवायचं कुठं यावरच दोन दिवस गेले. शेवटी जुने केसपेपर ठेवायची खोली रिकामी केली, खिडकीला काळा कागद चिकटवला, एसी बसवला आणि खोलीची किल्ली माझ्या हातात आली. मी तिथला लॅब टेक्निशियन. वीस वर्षांहून जास्त काळ लोकांचं रक्त काढतोय. ज्याची शीर कुणालाच सापडत नाही, त्याच्यासाठी वॉर्डातून मला बोलावणं येतं, आणि मी जातो तो थोडा ऐटीतच जातो. हे आधी सांगितलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते या ऐटीपायीच झालं.

यंत्र बघायला आलेले लोक निराश होऊन जायचे. एक पंप, एक सूक्ष्मदर्शक, एक संगणक, बस. खरी करामत होती चिपमध्ये. पोस्टाच्या तिकिटाएवढी, काचेवर बसवलेली पारदर्शक रबरासारखी पट्टी. तिच्या आत केसाहून बारीक वाटा आणि त्या वाटांमध्ये नुसत्या डोळ्यांना न दिसणारे हजारो खांब. खांबांवर असा लेप दिलेला, की कॅन्सरच्या गाठीतून सुटून रक्तात आलेली एखादी पेशी असेल तर ती तिथं चिकटते आणि बाकीचं रक्त वाहून जातं. पंप रक्ताला इतक्या हळू ढकलायचा की दोन चमचे रक्त पार व्हायला अर्धा दिवस लागायचा. मग रंग घालायचे. पेशीचं केंद्र निळं दिसतं, पांढऱ्या पेशी लाल दिसतात, गाठीतून आलेल्या हिरव्या. जिथं निळ्याभोवती हिरवं दिसलं आणि लाल काहीच दिसलं नाही, तिथं थांबायचं, फोटो काढायचा आणि पुण्याला पाठवायचा.

पुण्याहून हे काम बघणाऱ्या मॅडम वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील, पण बोलण्यात शब्द वाया घालवत नसत. खेड्यातल्या पेशंटचं रक्त पुण्याला पोचेपर्यंत त्यातल्या पेशी मरून जातात, म्हणून यंत्रच जिल्ह्याच्या गावी न्यायचं आणि तिथं ते चालतं का बघायचं, असा त्यांचा प्रयोग होता. मी महिनाभर पुण्यात राहून शिकून आलो. पहिल्याच दिवशी त्यांनी दोन गोष्टी पाठ करून घेतल्या. एक, हा प्रयोग आहे, तपासणी नाही. याच्यावरून कुणाला कॅन्सर आहे किंवा नाही असं बोलायचं नाही. दुसरी गोष्ट सुईची. सुई कातडीतून आत जाताना कातडीच्या थोड्या पेशी सोबत घेऊन जाते, आणि रंग दिल्यावर त्याही हिरव्या दिसतात. म्हणून आधी एक छोटा बल्ब भरायचा आणि तो टाकून द्यायचा. रक्त भरायच्या नळीला आमच्याकडं बल्बच म्हणतात. पहिला बल्ब टाकायचा, दुसरा यंत्राला लावायचा. रजिस्टरमध्ये त्यासाठी वेगळा रकाना होता. टाकला की बरोबरची खूण करायची.

आजारी माणसांचं रक्त मिळायला अडचण नव्हती. अडचण होती निरोगी माणसांची. तुलना करायला तीही लागत होती, आणि कॅन्सरच्या मशीनला धडधाकट माणूस कशाला रक्त देईल? गावात तर असं पसरलं होतं की तिथं रक्त दिलं की काहीतरी निघतंच. मी माझ्या पेडगावच्या लोकांना गळ घातली. चुलतभाऊ आला, मेंढरं राखणारे दोघं आले. ही गोष्ट ताडकळसला माझ्या अक्काच्या कानावर गेली, आणि तिनं फोन केला की मला न विचारता तू साऱ्या गावाला विचारत फिरलास, माझं रक्त काय पाणी आहे का.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आई रोजानं कामाला जायची तेव्हा मी अक्काच्या कडेवर वाढलो. ती स्वतः चौथीतून घरी बसली, पण मला बाराखडी तिनंच शिकवली. ती मला बापू म्हणते. आता पन्नाशी उलटून गेली तरी दाजींच्या बरोबरीनं रानात राबते, आणि आजवर ती दवाखान्याची पायरी बाळंतपण सोडून कधी चढली नव्हती.

ती आली ती शेजारच्या दोन बायांना घेऊनच. भाऊ किती हुशार आहे ते दाखवायला. फॉर्मवर तिनं एकेक अक्षर जपून सही केली. मी दंडाला पट्टा बांधला. उन्हानं रापलेली कातडी, आणि खाली शीर दोऱ्यासारखी बारीक, बोट लावलं की सरकणारी. पहिल्यांदा टोचलं, काही आलं नाही. दुसऱ्यांदा आलं आणि थांबलं. त्या दोघींपैकी एक म्हणाली, “लय हुशार भाऊ म्हनत होतीस की गं.” तिघी हसल्या. मीही हसलो, पण माझे कान तापले होते.

तिसऱ्यांदा दुसऱ्या हाताला टोचलं. रक्त आलं, थेंब थेंब. छोटा बल्ब समोर ट्रेमध्येच होता. तो लावून, भरून, काढून मग मोठा लावेपर्यंत रक्त थांबलं असतं तर चौथ्यांदा टोचावं लागलं असतं, आणि तेही त्या दोघींच्या देखत. मी सरळ मोठा बल्ब लावला. तो भरला तेव्हा छोटा रिकामा बल्ब उचलून परत बल्बच्या डब्यात ठेवला, आणि रजिस्टरच्या त्या रकान्यात बरोबरची खूण केली. हात जरासुद्धा अडखळला नाही. कारण अशी खूण त्याआधीही मी दोनदा केली होती.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी दुपारी, मी तिची चिप सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. निरोगी माणसाची चिप बघणं म्हणजे कंटाळा. निळे ठिपके, लाल ठिपके, पुढं चला. तिसऱ्या ओळीत मी थांबलो. निळ्याभोवती हिरवं कडं होतं, आणि लाल नव्हतं. मी फोकस पुढंमागं केला. पुढं आणखी एक सापडली, आणि शेवटापर्यंत बघितलं तेव्हा चार झाल्या. ज्यांचा आजार पार पसरलाय अशा पेशंटच्या रक्तातसुद्धा मला कधीकधी एकही सापडलेली नव्हती.

फोटो पाठवल्यावर पाच मिनिटांत मॅडमचा फोन आला.

“हे रक्त कुणाचं आहे ते मला सांगू नका,” त्या म्हणाल्या. “एवढंच सांगा, पहिला बल्ब टाकला होता?”

“हो मॅडम.”

“नक्की?”

“रजिस्टरला नोंद आहे.”

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या की निरोगी माणसात असं दिसलं तर काय करायचं ते प्रयोगाच्या परवानगीतच लिहिलेलं आहे. दवाखान्यातल्या सर्जनसाहेबांना सांगायचं, त्यांनी त्या माणसाला बोलावून नेहमीच्या तपासण्या करायच्या, आणि रक्त पुन्हा घ्यायचं. माझ्याकडच्या चिप संपल्या होत्या. नव्या घेऊन त्या स्वतः सोमवारी येणार होत्या.

फोन ठेवला आणि मी त्या थंडगार खोलीत घामाघूम होऊन बसून राहिलो. त्या पेशी कातडीच्या असणार. तीनदा टोचलं, पहिला बल्ब टाकला नाही, मग दुसरं काय होणार? असं म्हटलं की जरा बरं वाटायचं. आणि नसतील कातडीच्या तर? आपली चूक लपवायला जे सोयीचं आहे तेच आपण खरं मानतोय असं असलं तर? प्रशिक्षणात दाखवलेले कातडीच्या पेशींचे फोटो काढून मी शेजारी ठेवले. एकदा वाटायचं हुबेहूब, एकदा वाटायचं अजिबात नाही.

शुक्रवारी अक्का आणि दाजी आले. फोनवर मी दाजींना एवढंच म्हणालो होतो की डॉक्टरांना अक्काला एकदा बघायचंय. अक्कानं इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. ओपीडीच्या बाकावर ती माझ्या शेजारी बसली आणि समोर बघतच बोलली.

“बापू, खरं सांग. काई सापडलं का माह्या रक्तात?”

“काही पेशी दिसल्यात. कशाच्या हायत ते अजून ठरलं न्हाई.”

“कॅन्सरच्या?”

“ठरलं न्हाई म्हणलं ना अक्का.”

तिनं मान हलवली आणि पदर नीट केला. त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं. माझ्या तोंडाशी आलंही होतं. पण दाजी उभे होते, सिस्टर ये-जा करत होत्या, आणि मनात एक हिशोब चालला होता: रक्त तर पुन्हा घ्यायचंच आहे, दुसऱ्या वेळी काही निघालं नाही की आपोआप सगळं मिटेल, मग आपण तोंड उघडायची गरजच काय?

सर्जनसाहेबांनी तिला नीट तपासलं. छाती, काख, पोट. सोनोग्राफी केली, मॅमोग्राफी केली. कुठं काही दिसलं नाही. पण ते म्हणाले की न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, सोमवारच्या रक्तात पुन्हा तेच दिसलं तर संभाजीनगरला पाठवून सगळ्या अंगाचं स्कॅन करावं लागेल. अक्कानं हे सगळं ऐकून घेतलं आणि सोमवारी किती वाजता यायचं तेवढं विचारलं. गाडीवर बसताना ती माझ्याकडं बघून हसली. कडेवरच्या पोराला सुई देतात तेव्हा आई हसते, तसं. मला ते सहन झालं नाही, मी आत निघून गेलो.

शनिवारी मी कामावर चार जणांचं रक्त काढलं आणि चारही वेळा पहिल्याच टोचण्यात काढलं. कुणीतरी वाहवा केली. मी ट्रे उचलून निघून आलो. बायकोनं संध्याकाळी विचारलं की तुम्हाला ताप आहे का. मी हो म्हणालो.

रविवारी सकाळी दाजींचा फोन आला. दाजी कमी बोलणारा माणूस, स्वतःहून त्यांनी मला फोन केल्याचं आठवत नाही. बोलण्यावरून ते घरापासून लांब, रानात येऊन बोलत असावेत.

“पावणं, ही काई बोलनाच गेली,” ते म्हणाले. “सकाळधरनं सुनंला बी-बेवळं दाखवायलीय. कोन्त्या गाडग्यात काय हाय, कोन्तं कवा टाकायचं. शेळीला काय चालतं, काय न्हाई चालत. मला भ्या वाटायलंय. तुमच्यासंगं काई बोलली का?”

मी न्हाई म्हणालो. दाजी “बरं” म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. मला वाटत होतं की मी फक्त एक रकाना खोटा भरलाय. त्या रकान्यापायी तिकडं माझी बहीण आपला संसार सुनेच्या ओटीत घालत होती.

सोमवारी सकाळी मॅडम रेल्वेनं आल्या. खोलीत येऊन त्यांनी बॅगेतून चिपचा डबा काढला आणि रजिस्टर मागितलं. मी ते त्यांच्या हातात दिलं नाही. उघडून टेबलावर ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“ही खूण खोटी आहे,” मी म्हणालो. “पहिला बल्ब मी टाकला नाही. तीनदा टोचावं लागलं होतं. आणि ती बाई माझी सख्खी बहीण आहे.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या ओरडतील अशी माझी तयारी होती. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

“आणखी किती वेळा?” त्यांनी विचारलं.

“दोनदा. दोघं पेडगावचे आहेत.” मी त्या ओळी दाखवल्या.

त्यांनी तिन्ही नमुन्यांचे नंबर वहीत उतरवून घेतले. मग म्हणाल्या, “कातडीच्या असतील असं आता मलाही वाटतं. पण नुसत्या वाटण्यावर काही म्हणता येत नाही, आणि ही वेळ तुम्हीच आणलीय. यंत्र चालू करायच्या आधी बाहेर जा आणि बहिणीला सांगा. मी सांगणार नाही.”

अक्का त्याच बाकावर बसली होती. दाजी पाणी आणायला गेले होते. मी तिच्यासमोर उभा राहूनच सगळं सांगितलं. छोट्या बल्बचं, रकान्यातल्या खुणेचं, मॅडमना फोनवर काय म्हणालो त्याचं. कातडीच्या पेशी म्हणजे काय तेही सांगितलं. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिला सगळं कळलं, हे तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

“तीन येळा टोचलं तवाच म्हनायचं,” ती म्हणाली, “की अक्का, आज जमंना. मी काय तुला हसले असते?”

त्या दिवशी ती हसली होती, पण ते हसणं कसलं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं.

रक्त वॉर्डातल्या सिस्टरांनी काढलं. मीच त्यांना बोलावलं. अर्धा तास हात गरम पाण्यात धरायला लावला आणि एका टोचण्यात शीर सापडली. इतकी साधी गोष्ट मी शेकडो जणांना करायला सांगितली असेल, आणि बहिणीच्या वेळी ऐटीत विसरलो. छोटा बल्ब भरला. सिस्टरांनी तो बाजूला ठेवला. मॅडम शेजारी उभ्या राहून बघत होत्या. मग मोठा भरला.

दिवसभर पंप चालला. मी खोलीत होतो पण यंत्राला हात लावला नाही. रंग मॅडमनी घातले. मंगळवारी सकाळी सूक्ष्मदर्शकापाशीही त्याच बसल्या, मी मागं स्टुलावर. ओळीमागून ओळ सरकत होती. त्या एकदा थांबल्या. मी स्टुलावरून उठलो. त्यांनी फोकस फिरवला, लाल दिसलं, पुढं गेल्या. सगळी चिप संपल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी खुर्ची फिरवली.

“एकही नाही,” त्या म्हणाल्या. आणि लगेच पुढं म्हणाल्या, “म्हणजे या रक्तात आपल्याला काही सापडलं नाही. बहिणीला एवढंच सांगा. सर्जन म्हणतील तेव्हा पुन्हा दाखवून घ्या.”

ते तिन्ही नमुने बाद झाले. रजिस्टरमध्ये तिन्ही ओळींवर आडवी रेघ मारून खाली कारण लिहायला त्यांनी मलाच लावलं. प्रयोगाच्या कामासाठी रक्त काढायला मला त्यांनी दोन महिने मनाई केली. संस्थेला कळवलं, दवाखान्याच्या प्रमुखांना कळवलं. प्रमुखांनी मला आत बोलावून जे सुनावलं ते मी इथं लिहीत नाही, पण त्यातलं काही खोटं नव्हतं.

त्या मंगळवारी चिप बघून झाल्यावर लगेच दाजींना फोन लावला, तो लागत नव्हता. मी गाडी काढली आणि ताडकळसला गेलो. घराला कुलूप. सून माहेरी गेलेली. शेजारची बाई, तीच ती हसलेली, दारात आली आणि म्हणाली की दोघं पहाटेच फटफटीवर येलदरीला गेलीत.

“येलदरीला कामून?” मी विचारलं.

“धरन पाह्यला,” ती म्हणाली. “मला म्हनली, कालव्याचं पानी पिऊन सारी उमर गेली, धरन काई पाह्यलं न्हाई.”

मी ओट्यावर बसलो. दुपार गेली. शेजारणीनं चहा दिला. जिंतूरचा रस्ता, ट्रकांची वर्दळ, दाजींना एवढ्या लांब गाडी चालवायची सवय नाही. पाच दिवस एका भीतीत काढल्यावर आता दुसरीच भीती मला धरून बसली होती. दर फटफटीच्या आवाजाला मी उठून उभा राहायचो. दिवस कलता कलता ते आले. दोघंही धुळीनं माखलेले. अक्का उतरली, पाय आखडले होते म्हणून जरा वेळ गाडीला टेकून उभी राहिली. मला बघून तिचा चेहरा पडला. ती काही विचारायच्या आतच मी बोललो.

“काही सापडलं न्हाई, अक्का. दोनदा पाह्यलं त्यांनी.”

दाजी मटकन ओट्यावर बसले आणि डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसू लागले. बराच वेळ पुसत राहिले. अक्कानं कुलूप काढलं, आत गेली, तांब्याभर पाणी आणून आधी त्यांना दिलं, मग मला. मग धरणाचं सांगू लागली. एवढं पाणी असून आवाज नाही त्याला, म्हणाली. गुपचूप पडलंय, आणि तिकडं मासे धरणारे लोक जाळी वाळत घालून विड्या फुंकत बसलेत. ती सांगत होती आणि मी ऐकत होतो. रक्ताचा विषय तिनं काढला नाही. सहा महिन्यांनी सर्जनसाहेबांनी तिला पुन्हा तपासलं तेव्हाही सगळं ठीक निघालं. पेडगावच्या दोघांपैकी एकजण पुन्हा रक्त देऊन गेला. दुसरा आला नाही, आणि अजूनही वाटेत दिसला की माझ्याशी तुटकच बोलतो.

त्या संध्याकाळी मी निघायला उठलो तर अक्का म्हणाली की जेवून जा. तिनं चूल पेटवली, पीठ काढलं. भाकरी थापताना माझ्याकडं पाठ करूनच ती म्हणाली, “खरं बोललास, पर उशिरा बोललास.”

मी हो म्हणालो. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि दाजींना ताटं घ्यायला सांगितलं.